बारीक सूर

भाविकाने हेडफोन बाबांच्या कानांवर नीट बसवला आणि सूर काढणाऱ्या छोट्या बोर्डाची वायर लॅपटॉपला जोडली. जनूबाबा फोटो काढायला बसल्यासारखे खुर्चीत ताठ झाले.

"आवाज आला का हात वर कर," ती मोठ्याने म्हणाली.

"व्हय."

पहिला सूर सुरू होताच त्यांनी तोंड वाकडं केलं. "भुंगा घुसला गो कानात!"

भाविका हसली. बोर्डावरचा मायक्रोकंट्रोलर आकडे तेवढे जाणतो. त्या आकड्यांतून निघणारा आवाज पायऱ्यापायऱ्यांनी चढतो, उतरतो आणि कानाला खरखरतो. रोह्याच्या कंपनीत ती रोज असेच सिग्नल तपासायची. तिने प्रोग्राममधल्या पायऱ्यांची संख्या वाढवून त्या लहान केल्या, बोर्डाला एक कपॅसिटर जोडला, तसा सूर गुळगुळीत झाला. बाबा कानाच्या मशीनसाठी पेणच्या डॉक्टरकडे यायला तयार नव्हते. कोणता आवाज त्यांना येत नाही, ते त्यांचं त्यांनाच कळलं तर येतील, एवढाच तिचा बेत होता.

जाड सुराला हात वर झाला. तिने सूर बारीक केला. हात वर. आणखी बारीक केला. तरी हात वर. सगळा जन्म मिठागरावरच्या खाऱ्या वाऱ्यात काढलेल्या बाबांचा कान इतका शाबूत बघून तिला बरं वाटलं. तिने पुढचं बटण दाबलं, मान वर करून पाहिलं, हात वर झाला. तेवढ्यात तिचं लक्ष खाली गेलं. हेडफोनची पिन बोर्डातून निसटून चटईवर पडली होती.

तिने पिन तशीच राहू दिली. तिने पुन्हा बटण दाबलं आणि मान वर केली. बाबांनी तिच्या डोळ्यांत बघत हात वर केला. हसलेसुद्धा.

गेल्या रविवारी मोरीत भांडी घासता घासता, त्यांच्याकडे पाठ करूनच, तिने मन घट्ट करून सगळं सांगून टाकलं होतं. बाबा "व्हय" म्हणाले होते. त्या आनंदात ती एसटीने रोह्याला गेली होती.

भाविकाने हेडफोन हलकेच काढला. स्टूल ओढून ती त्यांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली. आवाज होईल तेवढा जाड केला.

"बाबा, मला लगीन करायचं हाय."

जनूबाबा तिच्या ओठांकडे बघत राहिले. मग पुढे वाकले.

"कोनाशी गो?"