दुपारच्या झोपेचा सूड

मी गब्बूच्या खिडकीवरचा पडदा बोलतोय. पडद्यांनी गप्प लटकावं अशी अपेक्षा असते, ठाऊक आहे मला. पण माझ्या पोटात राग आहे आणि तो घडी घालून कपाटात ठेवायची माझी तयारी नाही.

गब्बूच्या आईने मला कापडाच्या दुकानात दिव्यासमोर धरलं आणि विचारलं, "आरपार दिसत नाही ना?"

"ताई, यातून यायला सूर्यालासुद्धा परवानगी काढावी लागेल," दुकानदार म्हणाला.

घरी आणून तिने मला जाड अस्तर लावलं. गब्बू तेव्हा नुकती चालायला लागली होती आणि दुपारी झोप विसरून भिंतीवरच्या कवडशामागे धावायची.

मी कामाला लागलो. जेवण झालं, हात-तोंड पुसलं की गब्बू माझं टोक मुठीत धरून मला स्वतः ओढायची. "ऊन, जा!" असा हुकूम सुटायचा. मग पाठीवर थोपटणं, हळू आवाजात गुणगुणणं, रोज तेच, त्याच क्रमाने. बघता बघता डोळे मिटायचे. उठायची ती हसत, आणि रात्री कटकट न करता अंथरुणात शिरायची. या घरात याहून मोठं काम कोणी करत होतं असं मला वाटत नाही.

पण आजोबांकडे पाहुणे येत. हॉलमध्ये कोणी टेकलं रे टेकलं की आजोबा थेट आत यायचे आणि मला खसकन बाजूला सारायचे. "उठा राणीसाहेब! हत्ती कसा चालतो, काकांना दाखवा बघू!"

"बाबा, आत्ताच झोपलीय हो ती."

"दिवसाढवळ्या कसली झोप? दुपारी जागं ठेवलं की रात्री ढाराढूर झोपेल. आम्ही पोरं वाढवलीत, सूनबाई!"

वाढवली ती आजींनी. पण दारात उभ्या असलेल्या आजीही हे बोलल्या नाहीत. म्हणून माझा राग त्यांच्यावरही आहे.

अर्धवट झोपेतली गब्बू हत्ती व्हायची, पाहुणे टाळ्या वाजवून निघून जायचे. मग संध्याकाळभर किरकिर, भिरकावलेली ताटली, आणि झोपायच्या वेळी नुसतं थैमान. दमलेलं लेकरू शांत होत नाही, उलट पेटतं. डोळा लागला तरी दचकून उठतं. हे मला, एका कापडाला कळत होतं. बोलणी मात्र आईला: "तूच लाडावून ठेवलीयस!"

एका दुपारी आजोबांनी मला असा हिसका दिला की वरच्या कड्या उसवून मी जमिनीवर आलो. आजींनी मला उचललं. "नाहीतरी अंधारात मुलं भित्री होतात," त्या आजोबांना म्हणाल्या. "हा तुमच्या खोलीत लावते. झोपताना तुमच्या डोळ्यांवर ऊन येतं ना?"

ऐकलंत? नातीला झोप नको आणि आजोबांना ऊन नको!

आजींनी चार टाके घालून कड्या कशाबशा टाचल्या आणि मी गेलो. पण आधीच सांगतो, काम म्हणून गेलो नाही. आजोबा आडवे झाले की मी दांडीवरून जरासा सरकायचो. उन्हाची एक पट्टी नेमकी त्यांच्या डाव्या डोळ्यावर. ते उठायचे, मला ओढायचे, पुन्हा आडवे व्हायचे. मी पुन्हा सरकायचो. दांडीला उतार होता आणि माझ्या मनात दया नव्हती.

एकदा मात्र त्यांना गाढ झोप लागली. तेवढ्यात आईची मैत्रीण आली. आई खोलीत शिरली आणि तिने मला खसकन ओढलं. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी सरकलो नव्हतो!

"बाबा, उठा! माझी मैत्रीण आलीय. जरा हसून दाखवा ना तिला."

"अगं, आत्ता कुठे डोळा लागला होता!"

"बरं झालं की. आता रात्री ढाराढूर झोपाल."

त्या संध्याकाळी आजोबा चष्म्यावर चिडले, चहावर चिडले, आजींवर तर दोनदा. रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी चूक कबूल केली असेल असं वाटतंय तुम्हाला? छे! "हा पडदाच भिकार आहे, नीट लागत नाही. तिच्या खोलीत टाका," एवढंच म्हणाले.

आईने माझ्या कड्या पुन्हा नीट शिवल्या. आता मी परत गब्बूच्या खिडकीवर आहे. ती पालथी पडून झोपलीय, तोंड उघडं, एक पाय उशीवर. बाहेर कोणीतरी मोठ्याने हसलं, तसे आजोबा कुजबुजले, "श्श! लहान मुलांची झोप मोडू नये. मी तर घरात सगळ्यांना हेच सांगत असतो."

मिरवू देत. शिकवण आमची आणि मोठेपणा यांचा, हे काही नवीन नाही. तुमच्या घरीही असे कोणी असतील तर त्यांना माझा निरोप द्या: झोपलेल्या लेकराच्या खोलीत हात आवरा. आजोबांच्या खिडकीवर सध्या एक विटलेली चादर टांगलीय. ऊन तिच्यातून सरळ आत येतं. माझी काहीच हरकत नाही.