गोळा आणून देणारा माणूस

सरकारी कचेरीत एकाच कामासाठी चार-चार खेपा घातल्या नाहीत, असा नागरिक शोधूनही सापडायचा नाही. आज फोटो कमी, उद्या सही कमी, परवा साहेब रजेवर. आपण वैतागतो, घरी येऊन चार शब्द सुनावतो आणि विसरून जातो. पण अशाच खेपांमध्ये एका माणसाची एकुलती एक संधी कशी निसटली, त्याची ही हकिकत.

क्रीडा खात्याच्या कचेरीत राष्ट्रीय सन्मानांचे अर्ज तपासणारे एक कारकून होते. नोकरीला सत्तावीस वर्षं झालेली. अर्ज हातात घेतला की त्यातली चूक त्यांना वासानंच कळायची, म्हणून सगळी कचेरी त्यांना ‘त्रुटीसाहेब’ म्हणायची. माणूस लाचखाऊ नव्हता, उद्धटही नव्हता. खोड एकच. पहिली त्रुटी सापडली की ते तिथंच थांबत. अर्ज परत! ती भरून आणली की मग पुढचं पान.

त्या वर्षी त्यांच्या टेबलासमोर एक चाकाची खुर्ची येऊन थांबली. खुर्चीत सव्वीस वर्षांची गोळाफेकपटू. लहानपणी अंगावर भिंत पडून तिचं कमरेखालचं बळ गेलं होतं. पण बसून गोळा फेकत तिनं जागतिक स्पर्धेत रौप्यपदक आणलं होतं. तिचा स्वतःचा सन्मान जवळजवळ ठरल्यातच जमा होता. ती आली होती ती मागे उभ्या असलेल्या माणसासाठी. अडुसष्ट वर्षांचा वेल्डर, शर्टाच्या बाह्यांवर ठिणग्यांनी पडलेली बारीक-बारीक भोकं.

“हे माझे प्रशिक्षक. वेल्डरकाका,” ती म्हणाली. “प्रशिक्षकांच्या सन्मानासाठी यांचा अर्ज.”

त्रुटीसाहेबांनी पहिलं पान पाहिलं. “फोटोवर सही-शिक्का नाही.”

“आणतो की, साहेब,” वेल्डरकाका म्हणाले.

चार दिवसांनी सही-शिक्का आला. मग अनुभवाचा दाखला नव्हता. तो मिळवायला आठवडा गेला. मग प्रशिक्षणाच्या पदविकेची मागणी निघाली. ती तर नव्हतीच. वेल्डरकाका सातवी शिकलेले. तरी तिच्याऐवजी ते मुलीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन आले. प्रत्येक खेपेला वर्कशॉप बंद ठेवून, दोन बस बदलून. चौथ्या खेपेला त्रुटीसाहेब शेवटच्या पानावर पोचले.

“पदकाच्या आधीचे सलग सहा महिने तुम्हीच शिकवलंत, असा महासंघाचा दाखला लागतो.”

मुलगी दचकली. “ते सहा महिने मी राष्ट्रीय शिबिरात होते. तिथं दुसरे सर होते.”

“मग नियमाप्रमाणे प्रशिक्षक ते.”

“आणि त्याआधीची बारा वर्षं?”

“त्याला रकाना नाही, बाई.”

“साहेब, तुमच्या फॉर्ममध्ये सगळं विचारलंय,” मुलगी शांतपणे म्हणाली. “शिक्षण किती, वय किती, पदविका कुठली. मला पहिल्यांदा घराबाहेर कोणी काढलं, एवढंच विचारलेलं नाही. माझे सख्खे मामा म्हणायचे, हिला मैदानात नेऊन लोकांना काय दाखवायचंय? तेव्हा शेजारी राहणारे हे काका मला बाहेर काढायला माझ्या आईशी भांडले. बसायची चौकट बाजारात मिळत नाही म्हणून लोखंड कापून स्वतः बनवली. पडून हात मोडू नये म्हणून तिला पट्टे लावले. तुम्ही खेळाडूला मान देता, छान करता. पण अपंग खेळाडू एकटा मैदानापर्यंत पोचतच नाही हो! त्याला पोचवणारा माणूस दिसत नसेल, तर मग तुम्हाला अर्धाच खेळाडू दिसला.”

“चल गं,” वेल्डरकाका ओशाळून म्हणाले. “साहेबांचा तरी काय दोष?”

“रविवारी सकाळी या आमच्याकडे,” जाताना ती म्हणाली. “कागद नाही मागणार, चहा पाजू.”

त्रुटीसाहेबांना ते जिव्हारी लागलं. घरी बायकोला सांगितलं, तर ती भाजी निवडत म्हणाली, “मग जा ना. सत्तावीस वर्षं अर्ज तपासताय, एखादं मैदान तरी पाहिलंय का कधी?”

ते गेले. वर्कशॉपच्या मागे ओबडधोबड मोकळी जागा, मधोमध जमिनीला साखळ्यांनी जखडलेली लोखंडी चौकट. मुलगी तीत पट्टे बांधून बसली होती. तिनं मान तिरकी केली, गोळा गालाशी टेकवला आणि फेकला. धप्प! वेल्डरकाका चालत गेले, वाकले, गोळा उचलून तिच्या हातात आणून दिला. पुन्हा धप्प. पुन्हा ते चालत गेले.

“रोज किती वेळा?” त्रुटीसाहेबांनी विचारलं.

“ऐंशी,” ती म्हणाली. “मला उठून आणता येत नाही ना.”

त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, बाह्या सारून तेच पुढे झाले. तीन किलोचा गोळा! पहिले पाचसहा वेळा गंमत वाटली. विसाव्याला कंबर बोलू लागली. तिसाव्या वेळी ते गुडघ्यांवर हात ठेवून उभे राहिले आणि मनात हिशेब करू लागले: ऐंशी वेळा, रोज, बारा वर्षं... हिशेब त्यांनी अर्ध्यातच सोडला.

“बसा साहेब,” वेल्डरकाकांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. “सवय नसली की असं होतं.”

सोमवारी त्रुटीसाहेब सर्वांत आधी कचेरीत आले. नियमांचं पुस्तक पहिल्यापासून वाचलं. एकोणिसाव्या पानावर ते थबकले. ‘पदविका वा सलग कालावधीचा दाखला नसलेल्या, परंतु असामान्य योगदान असलेल्या प्रशिक्षकाचा प्रस्ताव विशेष समितीपुढे ठेवता येईल.’ वाट होती! सरळ, लेखी वाट होती! खाली बारीक अक्षरांत मुदत होती. पंधरा तारीख. ती जाऊन आठ दिवस झाले होते.

वेल्डरकाका पहिल्यांदा आले, तेव्हा हातात पुरते अठरा दिवस होते. चारही त्रुटी त्याच दिवशी सांगितल्या असत्या, हे पान त्याच दिवशी उघडलं असतं, तर!

ते धावत मोठ्या साहेबांकडे गेले. “यादी समितीकडे गेली,” साहेब म्हणाले. “मुदत उलटल्यावर एक कागद आत घेतला की उद्या शंभर येतील. हे तुम्हीच मला शिकवलंय.”

त्यांनी शिबिरातल्या सरांना फोन लावला. “खरी तयारी वेल्डरकाकांनी करून घेतली, असं लिहून द्याल का?” त्यांनी विचारलं. सर म्हणाले, “मला ठाऊक आहे हो. मुलगी तयार होऊनच माझ्याकडे आली होती. पण तसं लिहून दिलं तर माझा अर्ज बाद होईल. पुढच्या वर्षी निवृत्त होतोय मी. आयुष्यात हे एवढंच मिळणार आहे.”

त्यांना तरी काय बोलणार? त्रुटीसाहेबांनी फोन ठेवला.

एका पदकावर एकदाच अर्ज, असा नियम; म्हणजे पुढच्या वर्षीचीही वाट बंद. यादी जाहीर झाली. मुलगी म्हणाली, मलाही नको तुमचा सन्मान. वेल्डरकाका तिच्यावर प्रथमच ओरडले, “खुळी आहेस का? तुझ्याकडे बघून कुणाच्या तरी घरचं दार उघडेल. जा गुपचूप!”

ती गेली. मंचावर तिच्या गळ्यात पदक घातलं गेलं, निवेदकानं प्रशिक्षक म्हणून शिबिरातल्या सरांचं नाव वाचलं, टाळ्या झाल्या. खेळाडूंना बोलायला ध्वनिक्षेपक नव्हता. कचेरीतल्या टीव्हीवर ती दोनदा तोंड उघडताना दिसली. मग कॅमेरा दुसरीकडे वळला.

त्रुटीसाहेब उठले ते थेट वर्कशॉपमध्ये गेले. दाराशीच हात जोडून म्हणाले, “काका, चूक नियमाची आहे, तशी माझीही आहे. वाट होती. मी उशिरा पाहिली.”

वेल्डरकाकांनी डोळ्यांवरचा काळा चष्मा वर केला. “पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर झालं असतं?”

“कदाचित... हो. झालं असतं.”

म्हाताऱ्यानं हातातलं लोखंड बाजूला ठेवलं. ‘जाऊ द्या’ म्हणाला नाही. राग व्यक्त केला नाही. एवढंच म्हणाला, “मग पुढच्याला पहिल्या दिवशी सांगा.”

त्रुटीसाहेबांना रडू आवरेना.

तेव्हापासून ते अर्ज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात आणि काय-काय हवं ते एकाच कागदावर लिहून देतात. ‘खेळाडूला पहिल्यांदा मैदानात कोणी आणलं?’ असा रकाना फॉर्ममध्ये असावा, म्हणून त्यांनी वर तीन पत्रं पाठवली आहेत. एकाचंही उत्तर आलेलं नाही. फॉर्म जुनाच आहे. वेल्डरकाकांना काहीही मिळालेलं नाही, आणि आता मिळणारही नाही.

वाचकहो, सन्मान चुकीच्या माणसाला गेला, असंही म्हणता येत नाही. तो फक्त योग्य माणसाजवळून पुढे निघून गेला. आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातात कुठला ना कुठला कागद असतोच, कुठलं ना कुठलं दार असतंच. समोरच्याला काय कमी आहे ते शोधणं सोपं आहे. त्याच्यासाठी कुठली वाट मोकळी आहे, ते त्याच दिवशी शोधा. कारण उशिरा आलेल्या पश्चात्तापानं आपण सुधारतो. ज्याचं गेलं, त्याचं मात्र गेलेलंच राहतं!