स्ट्रॅथलॉर्नचा दोन कानांचा पेला

मी एक जुना लाकडी पेला आहे. पसरट, दोन कानांचा आणि आता थोडासा गळका. मित्रांनो, परवा तुमची शाळा ही स्ट्रॅथलॉर्नची गढी पाहायला आली होती. तेव्हा तुमच्यातल्या एकीने काचेला नाक लावून विचारले, "ही बशी इथे कशाला ठेवलीय?" मला राग आला नाही. याआधी मला कुत्र्याचे भांडे समजण्यात आले आहे. त्या मानाने बशी म्हणजे बढतीच.

तुमच्या बाईंनी तुम्हाला भिंतीवरची तलवार दाखवली, पदके दाखवली, लॉर्ड टॉर्किल यांची तसबीर दाखवली. ते शूर होते, राजदरबारी मानाचे होते, हे सांगितले. सगळे खरे आहे. पण तलवारीला आणि पदकांना त्यांच्याबद्दल जे ठाऊक नाही, ते मला ठाऊक आहे. म्हणून बोलतो.

माझा जन्म इथून दिसणाऱ्या त्या उत्तरेकडच्या खोऱ्यात झाला. तिथे एक मेंढपाळ राहत असे. हिवाळ्यात मेंढ्या कोंडल्या की तो लाकूड तासत बसे. त्याने ओढ्याकाठच्या झाडाच्या काळसर पट्ट्या आणि बर्च नावाच्या झाडाच्या पांढऱ्या पट्ट्या तासल्या, एक काळी एक पांढरी अशा उभ्या जुळवल्या आणि भोवती वाळुंजाची लवचीक फांदी आवळली. एक खिळा नाही की सरसाचा थेंब नाही.

"मग हे सुटत कसं नाही?" शेजारी बसलेल्या पोराने विचारले. हा पोरगा म्हणजे टॉर्किल, गढीच्या मालकांचा मुलगा.

"ओलाव्यामुळे," मेंढपाळ म्हणाला. "वापरत राहिलास तर पट्ट्या फुगून एकमेकींना धरून ठेवतात. कपाटात ठेवलास की सुकतात आणि एकमेकींपासून लांब होतात. मग ओढ्यात बुडवून ठेवायचा, पुन्हा धरतात."

लॉर्डांचा मुलगा मेंढपाळाच्या घरी काय करत होता, असे तुम्हाला वाटेल. आमच्या खोऱ्यात तशी रीत होती. इतर खोऱ्यांतून ती केव्हाच उठली होती. आमच्याकडे कोणत्याही गोष्टीची फॅशन उशिरा येते आणि उशिरा जाते. गढीतले मूल अंगावरचे दूध सुटेपर्यंत आणि पुढे चांगले मोठे होईपर्यंत कुळाच्या घरी वाढायचे. मेंढपाळाच्या बायकोने आपला मुलगा मर्डो आणि टॉर्किल यांना एकाच वेळी पाजले. टॉर्किल आणि मर्डो दूधभाऊ झाले. सख्खे भाऊ भांडतात, कोर्टात जातात. दूधभावांना तशी सोय नव्हती. त्यांचा नियम एकच: दूधभावाकडे मागायचे नसते, त्याने ओळखून द्यायचे असते.

टॉर्किल गढीत परत निघाला, तेव्हा मेंढपाळाने मला त्याच्या हातात दिले.

माझाही एक नियम आहे. घरधन्याने आधी एक घोट घ्यायचा आणि मग पेला पाहुण्याकडे द्यायचा. देणाऱ्याने दोन्ही कान धरून द्यायचा, घेणाऱ्याने दोन्ही कान धरून घ्यायचा. तेवढा वेळ दोघांचेही हात गुंतलेले राहतात आणि कोणाला कट्यार काढता येत नाही. आमच्या डोंगरात विश्वास म्हणतात तो एवढाच. पण तो पुष्कळ दिवस पुरतो.

पुढे लढाई आली. टॉर्किल अधिकारी म्हणून गेला, मर्डो शिपाई म्हणून, आणि मी मर्डोच्या पडशीत मोज्यांच्या जोडीत गुंडाळून. लढाईविषयी मला फारसे सांगता येणार नाही. मी मोज्यांत होतो. एवढे मात्र सांगतो की टॉर्किलचा डावा हात तिथेच राहिला आणि बाकीच्या टॉर्किलला मर्डोने चिखलातून पाठीवर घालून आणले.

इस्पितळाच्या तंबूत मर्डोने मला मोज्यांतून बाहेर काढले. टॉर्किलने उजव्या हाताने माझा एक कान धरला. मी कललो. मर्डोने न सांगताच दुसरा कान धरला.

"हळू! नाकात जातंय," टॉर्किल म्हणाला.

"मी तोंडाकडेच धरलंय. लॉर्डांचं नाकच मध्ये येतं, त्याला मी काय करू?"

"हात गेलाय माझा, मर्डो. रडशील की नाही थोडा?"

"रडलो असतो. पण दोन्ही हात तुझ्या पेल्यात अडकलेत. डोळे कशाने पुसू?"

लढाई संपली, दोघे घरी आले, टॉर्किल गढीचा लॉर्ड झाला. तेव्हापासून दर वर्षाच्या पहिल्या सकाळी मर्डो गढीत येई, आणि एक कान लॉर्डांच्या हातात, एक मर्डोच्या, असे दोघे मिळून माझ्यातून पीत. काय पीत ते विचारू नका, तुम्ही लहान आहात आणि इकडे थंडी फार असते. कुळांच्या जमिनीचा कागद आमच्या खोऱ्यात कोणाकडेच नव्हता. ज्याच्याबरोबर धनी पेल्यातून प्याला, त्याचे घर वर्षभर अढळ. मर्डोचे घर तर कायमचेच अढळ, असे सगळे धरून चालले होते. मीसुद्धा.

माझे ते दिवस सुखाचे होते. मी कधी गळलो नाही.

मग टॉर्किलला राजदरबारातून बोलावणे आले. एक हात गमावलेला शूर सरदार दरबारात शोभून दिसतो. त्याला काम काय होते म्हणाल, तर राजघराण्यातली मंडळी चालत आली की त्यांच्यापुढे उलटे चालायचे. त्यांच्याकडे पाठ होता कामा नये, आणि पडता तर मुळीच कामा नये. हे काम टॉर्किलने बरीच वर्षे इतके उत्तम केले की त्याला आणखी पदके मिळाली. उलटे चालण्यात एकच तोटा आहे. आपल्या मागे कोण उभे आहे, ते दिसत नाही.

त्याने मलाही लंडनला नेले होते. तिथे त्याच्या नोकराने मला पाहिले, हुंगले आणि कुत्र्यापुढे ठेवले. कुत्रा सभ्य होता. रोज स्वच्छ चाटायचा. त्या काळात मी ओला राहिलो, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. पण एका बड्या पाहुण्याने मला पाहून टॉर्किलला विचारले, "हे काय, तुमच्या डोंगरात यातून पितात?" सगळे हसले. टॉर्किलही हसला. दुसऱ्या दिवशी माझी रवानगी परत गढीत झाली, या काचेच्या कपाटात.

माझ्या पट्ट्या सुकू लागल्या.

अशात एका शरद ऋतूत बातमी आली की पुढच्या वर्षी राजघराण्यातले एक पाहुणे स्ट्रॅथलॉर्नला हरणांच्या शिकारीला येणार. त्यासाठी हरणे हवीत आणि हरणांना मोकळी जागा हवी. माणसांचा हरणांना त्रास होतो, असे ठरले. टॉर्किल घरी आला आणि याच दालनात त्याने कारभारी पिटकेर्नला बोलावले.

"उत्तरेकडचं खोरं मोकळं करा," तो म्हणाला. "कुळांना जहाजाचं भाडं द्या."

"आणि मर्डो?" कारभाऱ्याने विचारले.

टॉर्किल खिडकीकडे वळला. "मर्डोचं वेगळं आहे. त्याला जायचंही असेल. त्याच्या बायकोचे भाऊ कॅनडात आहेत. पण तो एक शब्द जरी बोलला ना, तर त्याचं घर राहू द्या. पाहुण्यांना मी सांगेन काय सांगायचं ते. एक शब्द, पिटकेर्न. बस."

मी ऐकले आणि निश्चिंत झालो. मर्डो बोलेल, असे मला वाटले. मित्रांनो, मी लाकडाचा आहे; माझी समज ती किती!

दोन दिवसांनी मर्डो आला. त्याच्याबरोबर त्याची बायको किर्स्टी होती. तिच्या हातात फडक्यात बांधलेले चीज होते. आमच्याकडे कोणी रिकाम्या हाताने येत नाही. दालनात शिकारीला आलेले दोन-तीन पाहुणे बसले होते.

"मर्डो! ये, ये," टॉर्किल उठून म्हणाला. त्याला खरोखरच आनंद झाला होता. मी त्याचा चेहरा पाहिला आहे. "मंडळी, मला पाठीवर घालून आणलं तो हाच."

"त्या वेळी साहेब हलके होते," मर्डो म्हणाला. पाहुणे हसले.

टॉर्किलने बटलरला सांगून लखलखीत काचेचा एक ग्लास मागवला, त्यात स्वतः लाल दारू ओतली आणि मर्डोपुढे धरली. "हा ग्लास राजवाड्यातून भेट आलाय. यातून मी आजवर कोणाला दिलेलं नाही. तुलाच पहिल्यांदा."

मर्डोने ग्लास घेतला. मग त्याची नजर माझ्या कपाटाकडे गेली. "पेला?"

"तो? तो आता गळत असेल. आणि तुला कशाला तो त्रास, लेका? हे बघ." टॉर्किलने आपला ग्लास उचलला, गटकन पिऊन दाखवला आणि लहान मुलासारखा हसला. "एका हाताने जमतं आता."

"जमतंय खरं," मर्डो म्हणाला.

त्याने आपला ग्लास टेबलावर ठेवला. त्यातला थेंबही कमी झाला नव्हता.

टॉर्किलला वाटत होते, आपण दूधभावाला घरातली सगळ्यात मोलाची वस्तू दिली. मर्डोला वाटत होते, याला आता दुसऱ्या हाताची गरज उरली नाही. कपाटातून मला दोघांचेही चेहरे दिसत होते आणि दोघांपैकी कोणीही मला काही विचारले नाही.

"काही काम होतं का, मर्डो?" टॉर्किलने विचारले. हे विचारताना त्याचा आवाज किती हळू झाला होता! 'बोल' असेच तो म्हणत होता. फक्त त्याने ते म्हटले नाही.

"नाही. चीज आणलं होतं."

"नाही काय?" किर्स्टी दारातून म्हणाली. "बोला की! तोंड काय नुसतं लापशी खायला दिलंय?"

"किर्स्टी."

"डोक्यावरचं छप्पर जातंय, आणि हा माणूस चीज आणलं म्हणतो!"

"त्याला माहीत आहे," मर्डो म्हणाला. "त्याला माहीत असलेलं मी त्याला सांगू होय? चल."

किर्स्टीने फडके टेबलावर ठेवले. पाहुण्यांकडे बघून म्हणाली, "खा. मेंढ्या अजून आमच्याच आहेत." आणि दोघे गेली.

टॉर्किल खिडकीत उभा राहिला. खालच्या वाटेने मर्डो चालला होता. बराच वेळ तो दिसत होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. टॉर्किल पाहुण्यांना म्हणाला, "मानी आहे. बायकोला बोलू देईल, स्वतः नाही बोलणार. उद्या येईल एकटा."

दुसऱ्या दिवशी मर्डो आला नाही. त्यानंतरही आला नाही. टॉर्किलला दरबारात परतायचे होते, तो गेला. आणि पिटकेर्न हा अतिशय आज्ञाधारक कारभारी होता.

या कपाटातून मला खिडकी दिसते आणि खिडकीतून खोरे. पूर्वी रोज सकाळी तिथे चुलींचे धूर दिसत. पुढच्या वसंतात एका दिवशी फार धूर दिसला, पण तो चुलींचा नव्हता, छपरांचा होता. त्यानंतर कधीच दिसला नाही.

राजघराण्यातले पाहुणे आले नाहीत. त्यांना पडसे झाले होते.

वर्षे गेली. नव्या राजवटीत उलटे चालायला तरुण गुडघ्यांची माणसे घेतली, आणि टॉर्किल पदकांसह घरी आला. आल्या आल्या त्याने विचारले, "मर्डो कुठे राहतो हल्ली?"

"कॅनडात असेल, साहेब," पिटकेर्न म्हणाला.

"आणि घर?"

"तुम्ही म्हणाला होतात, एक शब्द बोलला तर राहू द्या. तो नाही बोलला, साहेब. मी दोनदा जाऊन विचारलं. तो म्हणाला, धनी जाणतात."

टॉर्किलने कपाट उघडून मला बाहेर काढले, एक बाटली कोटाच्या खिशात घातली आणि खोऱ्याची वाट धरली.

मर्डोच्या घराच्या चार भिंती उभ्या होत्या, वर आभाळ होते. चुलीच्या जागी एक हरणी उभी होती. आम्हाला पाहून ती सावकाश बाहेर गेली. घर तिचेच होते.

टॉर्किलने बाटलीतले माझ्यात ओतले. सगळे माझ्या फटींतून त्याच्या बुटांवर गळून गेले. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मग त्याला काहीतरी आठवले. तो ओढ्यावर गेला, मला पाण्यात बुडवून त्याने वर दगड ठेवला आणि काठावर बसून राहिला. ऊन कलले. पट्टीने पट्टीला हळूहळू पुन्हा धरले.

त्याने मला भरून आणले. एक कान धरून तोंडाशी नेले आणि मी कललो. पुन्हा नेले, पुन्हा कललो. दुसरा कान धरायला कोणी नव्हते. शेवटी त्याने मला चुलीच्या दगडावर टेकवले, दुसरा कान भिंतीच्या फटीत अडकवला आणि खाली गुडघे टेकले. सगळा जन्म त्याने मोठमोठ्यांपुढे मान लववली होती, पण इतका खाली तो कोणापुढे वाकला नव्हता. त्याने एक घोट घेतला आणि थांबला. धन्याने आधी प्यायचे असते, मग पाहुण्याला द्यायचे असते. तो गुडघ्यांवर तसाच थांबून राहिला.

नंतर त्याने कॅनडाला निरोप पाठवले. जहाजे गेली, जहाजे आली. मर्डो तिकडे पोहोचला की नाही, हे मला आजवर कोणी सांगितलेले नाही. टॉर्किल जिवंत होता तोवर दर वर्षाच्या पहिल्या सकाळी मला घेऊन तिथे जात राहिला. तो गेला आणि मी परत काचेत आलो. खाली चिठ्ठी लावली आहे: 'लॉर्ड स्ट्रॅथलॉर्न यांचा पेला.' ती निम्मी खरी आहे.

मित्रांनो, माझ्या पट्ट्यांत पुन्हा फटी पडल्या आहेत. तुमच्या घरी माझ्यासारखे जुने भांडे असेल, तर ते शोभेला ठेवू नका. वापरा, ओले राहू द्या. आणि कधी कोणी तुमच्या दारी आला, काहीतरी ठेवून काहीच न मागता परत निघाला, तर 'उद्या बोलेल' म्हणत खिडकीत उभे राहू नका. त्याच्यामागे धावा. बूट घालत बसू नका. वाट लांब दिसते, पण माणूस वळणापलीकडे फार लवकर जातो.