अजून थोडं वर बघ

हेडसर गिरधर यांनी मोबाईल टेबलावरून वंदनाकडे सरकवला.

"देखो मॅडम, हा तुमचाच फोटो ना? दहावीच्या वर्गात खुर्चीवर बसून झोपलाय तुम्ही."

वंदनाने मान मागे टाकून पाहिलं. दुपारनंतर तिच्या पापण्या इतक्या खाली येत की समोरचं दिसायला हनुवटी उचलावी लागे. फोटोत तीच होती. मागे फळा, अंगावर जांभळी साडी, डोळे मिटल्यासारखे.

"झोपले नव्हते, सर. हा स्नायूंचा आजार आहे. दिवस कलला की पापण्या उचलत नाहीत, कधी मानही धरवत नाही. गोळ्या चालू आहेत."

हेडसरांनी मोबाईल परत स्वतःकडे ओढला. "मग आधी का नाही सांगितलं?"

शाळेत हे फक्त तिच्यासोबत शिकवणाऱ्या रश्मीला, तिच्या मैत्रिणीला माहीत होतं. इंदूरला तपासणीला तीच सोबत आली होती. परतताना बसमध्ये हात धरून तिनेच बजावलं होतं, "शाळेत बोलू नको गं. वर्ग काढून घेतील तुझा." आणि हा फोटो डॉक्टरांनी मागितला होता, संध्याकाळपर्यंत पापण्या किती पडतात ते बघायला. पोरं घरी गेल्यावर रिकाम्या वर्गात वंदना खुर्चीवर बसली होती आणि स्वतःचा मोबाईल धरून रश्मी म्हणत होती, "अजून थोडं वर बघ. बस्स, हो गया."

"कोणी पाठवला, सर?"

"नाव नका विचारू." सरांचा आवाज मऊ झाला. "बीमारी आहे तर इलाज करा, आराम करा. दहावीचं गणित उद्यापासून रश्मी मॅडम घेतील. बोललोय मी, त्या तयार आहेत."

वंदनाने पदर सावरला आणि उठली.

फाटकापाशी रश्मी स्कूटी सुरू करून उभी होती. वंदनाला एकाचे दोन दिसायला लागल्यापासून रोज तीच तिला इतवाऱ्यातल्या घरापर्यंत सोडायची.

"काय गं, एवढा वेळ? काय म्हणत होते सर?"

वंदनाने बोटाने उजवी पापणी वर धरली. तिला रश्मीचा चेहरा नीट बघायचा होता. त्यावर काळजी होती. रोज डबा उघडताना, गोळी घेतलीस का विचारताना असायची, तशीच.

"दहावी तुम्हाला दिली, मॅडम," ती म्हणाली. "पोरं त्रिकोणमितीत अडकलीयत. तिथून सुरू करा."

इतक्या वर्षांत दोघींमध्ये 'तुम्ही' कधी आलं नव्हतं. रश्मीने स्कूटी बंद केली.

"वंदे, ऐक ना..."

वंदनाने बोट काढलं. पापणी आपसूक खाली आली. भिंतीला हात लावत ती रस्त्यापर्यंत गेली आणि केळीचे ट्रक जाऊ देत, रिक्षाच्या आवाजाकडे कान लावून उभी राहिली. मागे स्कूटी बराच वेळ सुरू झाली नाही.