आधी काका

तर झालं असं, की अमेरिकेतल्या कॅरीच्या महाराष्ट्र मंडळाचा कॅसिनोचा रविवार होता. दर सप्टेंबरला असतो. मराठी शाळेसाठी फंड जमा करायचा म्हणून कम्युनिटी सेंटरचा हॉल घेतात, रूलेचं टेबल, म्हणजे लाल-काळ्या नंबरांचं चाक आणि त्यात पळणारा बॉल, भाड्यानं आणतात, आणि तिकीट काढून आत आलं की प्रत्येकाला हजाराच्या चिप्स मिळतात. नुसत्या प्लॅस्टिकच्या, त्यांचे पैसेबिसे काही होत नाहीत. पण संध्याकाळी पाचला ज्याच्याकडे सगळ्यात जास्त चिप्स, त्याला दिवाळीच्या कार्यक्रमात हवा तो स्लॉट निवडता येतो.

आणि स्लॉटची गंमत अशी, की ते दोनच. एक सकाळी अकराचा, सगळे भुकेले पण सभ्यपणे खुर्च्यांवर बसलेले. दुसरा दुपारी दीडचा, म्हणजे जेवणाची लाइन सुरू झालेली, आणि स्टेजवर कोणी प्राण सोडला तरी बघायला कोणी नाही.

गेली कित्येक वर्षं अकराचा स्लॉट प्रल्हादकाकांचा. काका रिटायर्ड इंजिनियर, मूळचे पुण्याचे, नाट्यसंगीत गातात, बरं गातात, पण दीड तास गातात. आणि दीडचा स्लॉट स्टुडंट्सचा, म्हणजे अबोलीच्या ग्रुपचा.

अबोली सांगलीची, युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करते, आणि एकांकिका लिहिते. मागच्या वर्षी तिच्या एकांकिकेचा व्हिडिओ तिनं आईला पाठवला होता. त्यात निम्मा वेळ लोकांच्या पाठी दिसतात, आणि नायिका घर सोडून निघते त्या क्षणी मागून स्पष्ट ऐकू येतं, "अहो, श्रीखंड संपलं का?" आईनं फोनवर एवढंच विचारलं, "तुमच्याकडे नाटक असं उभ्यानं बघतात होय गं?"

आणि या दिवाळीला आई स्वतः येणार होती. व्हिसा मिळाला होता, तिकीट झालं होतं. अबोलीनं मनाशी पक्कं केलं होतं, आईसमोर पाठी नकोत. अकराचाच स्लॉट हवा.

"मग काकांचीच सिस्टिम वापर तू," यशोधन म्हणाला. यशोधन तिच्या एकांकिकेतला हिरो, नागपूरचा. "लालवर शंभर लावायचे. हरलं की दोनशे. हरलं की चारशे. कधी ना कधी लाल येतंच ना बे. आलं की सगळं वसूल, वर शंभर."

"कधी ना कधी येतं रे, पण तोपर्यंत चिप्स उरायला पाहिजेत ना. लागोपाठ चारपाच वेळा नाही आलं की मोठ्यातला मोठा ढीग संपतो."

"मग तुझी सिस्टिम काय?"

"चाकाला हरवायची सिस्टिमच नसते. दोन हिरवी घरं आहेत बघ, शून्य आणि डबल शून्य. त्यांच्यामुळे चाक कायम थोडं पुढं असतं. मी चाकाशी खेळतच नाहीये."

"मग कोणाशी खेळून राहिली तू?"

अबोलीनं हनुवटीनंच टेबलापलीकडे खूण केली. काका कुर्त्याच्या बाह्या सरसावून बसत होते.

दुपारभर ती काय करत होती, तर दहा. फक्त दहा. कमीत कमी तेवढे लावावेच लागतात म्हणून. कधी लाल, कधी काळा, आणि मध्ये चिवडा खायचा. बाकीच्यांनी वाढदिवस लावले, गाडीचे नंबर लावले, लग्नाची तारीख लावली. यशोधन सगळ्या चिप्स स्वतःच्या रोल नंबरवर लावून दोन मिनिटांत मोकळा झाला आणि सल्ले द्यायला तिच्या मागं येऊन उभा राहिला.

आणि प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, अबोली हात मागं घेऊन म्हणायची, "काका, आधी तुम्ही."

काका खूश. "घरचं वळण आहे हो पोरीवर," असं शेजारच्यांना सांगायचे, मग एखादी तान घेतल्यासारखा हात फिरवून लालवर चिप्स ठेवायचे. त्यांचं ठेवून झालं की ती बघायची, आणि मग आपले दहा ठेवायची.

साडेचारपर्यंत टेबल रिकामं झालं. उरले दोघंच. काकांचे मध्ये पंधराशे झाले होते, पण लागोपाठ दोनदा लाल आलं नाही, शंभर गेले, मग दोनशे गेले, आणि राहिले बाराशे. अबोलीचे घसरत घसरत साडेआठशे.

"शेवटचे दोन डाव," शैलजाकाकूंनी सांगितलं. काकू मंडळाच्या अध्यक्ष, रिटायर्ड डॉक्टर. चाक त्याच फिरवत होत्या आणि आयुष्यभर पेशंटना दटावलेल्या आवाजात सगळ्यांना टेबलावर रेलू नका म्हणून सांगत होत्या.

"काका, आधी तुम्ही."

काकांनी चारशे लालवर ठेवले. अबोलीनं दहा काळ्यावर.

"अगं जास्त लाव," यशोधन कानात कुजबुजला. "मागे आहेस तू."

"ते हरले की मी आपोआप पुढं येते. गप्प बस."

चाक फिरलं, बॉल टणटणला, उड्या मारल्या आणि बसला एकोणतीसवर. काळा.

काकांकडे आठशे. अबोलीकडे आठशे साठ.

हॉलमध्ये एकदम गलका झाला. समोशांच्या टेबलावरची मंडळीसुद्धा प्लेट घेऊन इकडं आली. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सिस्टिमप्रमाणे आता चारशेचे आठशे करायचे, आणि त्यांच्याकडे होतेच बरोबर आठशे.

तेवढ्यात शैलजाकाकू म्हणाल्या, "भाऊजी, एक मिनिट. शेवटचा डाव आहे. आता अबोली पुढं आहे, तर या वेळी तिला आधी लावू द्या."

अबोलीनं आधी लावलं की संपलं सगळं. काका तिचं बघून ठरवणार. तिनं दहा लावले तर ते आठशे लावणार, तिनं लालवर लावले तर ते कदाचित काळ्यावर जाणार. दुपारभर चिवडा खात धरून ठेवलेली ती एक गोष्ट काकू सहज, चांगुलपणानं, काढून घेत होत्या. आणि बोलायची सोय नाही. काय बोलणार? मला मागून लावू द्या म्हटलं की कुणीतरी विचारणारच, का गं?

ती खाली बघत हळूच म्हणाली, "काकू, काका मोठे आहेत."

"अहो शैलजाताई, काय हे," काका म्हणाले. "इथं कॅरीत एक देशी दुकान नव्हतं तेव्हापासून मी आहे. मंडळाची पहिली दिवाळी माझ्या बेसमेंटमध्ये झाली. आणि मी आता पोराटोरांच्या मागून लावू? पोरीला कळतं ते तुम्हाला कळू नये?"

"बरं बाबा, लावा," काकू म्हणाल्या.

काकांनी सगळ्या चिप्स दोन्ही हातांनी उचलल्या आणि लालवर ठेवल्या. आठशे. नीट रचून, वरची चिप बोटानं सरळ करून.

अबोलीनं श्वास सोडला. यशोधन मागून, "दहा लाव. दहा लाव आणि शांत बस. ते हरले की तू जिंकली."

"आणि लाल आलं तर?"

लाल आलं तर काका सोळाशे.

तिनं साठ चिप्स बाजूला काढल्या, ड्रेसच्या खिशात टाकल्या. उरलेल्या आठशे पुढं सरकवल्या. लालवर. काकांच्या ढिगाला खेटून.

"अबे, वेडी झाली का?" यशोधन जवळजवळ ओरडलाच.

काकांचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू. "बघा, बघा. शेवटी माझ्याच मार्गावर आली. अगं, आधीच ऐकलं असतंस तर दुपार वाचली असती."

"हो ना काका," अबोली म्हणाली.

काकूंनी चाक फिरवलं. सगळा हॉल पुढं झुकला. यशोधन डोळे मिटून उभा. काका पुटपुटतायत, "लाल, लाल, लाल." आणि अबोली? ती चक्क चिवड्यातले शेंगदाणे वेचत होती. तिला बॉल दिसतसुद्धा नव्हता.

बॉल थांबला. तेवीस. लाल.

काकांनी दोन्ही हात वर केले. "आलं. सांगत होतो की नाही, येतंच." कुणीतरी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली, आणि काकूंनी सोळाशे त्यांच्यापुढं ठेवले. मग सोळाशे अबोलीपुढं ठेवले.

मग अबोलीनं खिशातले साठ काढून त्यांच्यावर ठेवले.

हळूहळू एकेकाला कळत गेलं. आधी काकूंना. त्या हसायलाच लागल्या, चाकाला धरून. मग यशोधनला, आणि तो इतक्या जोरात ओरडला की किचनमधून दोन काकू पळत आल्या.

"पण लाल आलं," काका म्हणाले. "माझं लाल आलं."

"आलं ना काका. माझंही आलं."

"आणि नसतं आलं तर?"

"तर तुमच्याकडे काहीच नाही, आणि माझ्याकडे साठ."

काका शेवटी इंजिनियर माणूस. दोन ढिगांकडे बघितलं, चाकाकडे बघितलं, मनात काहीतरी मांडलं, खोडलं, परत मांडलं. "म्हणजे कुठलंही घर आलं असतं तरी..."

"हो."

"म्हणून तू चाकाकडे बघत नव्हतीस."

"नाही काका. मी दुपारभर तुमच्याकडेच बघत होते."

क्षणभर वाटलं, आता चिडणार. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पण मग त्यांनी वरची एक चिप उचलली, तिच्याकडे सरकवली आणि म्हणाले, "चोर आहेस. मस्त चोर आहेस. पण मी दीड वाजता श्रीखंडाच्या लाइनीपुढं कसा गाऊ गं?"

"मोठ्यानं गा काका," यशोधन म्हणाला, आणि सगळ्यात आधी काकाच हसले.

शैलजाकाकूंनी माइक हातात घेतला, फुंकर मारून बघितली. "हं, अबोली. मंडळाच्या नियमाप्रमाणे निवड तुझी. बोल, कुठला स्लॉट?"

कोणाला माहीत नव्हतं असं नाही. तरी सगळ्यांनी माना तिच्याकडे वळवल्या. अबोली उठून उभी राहिली, माइककडे हात केला नाही, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"अकराचा. आणि काकू, पहिल्या रांगेतली एक खुर्ची आत्ताच धरून ठेवा. आई येतेय."