मंत्रीणबाईंचा डावा गमबूट

मी डावा गमबूट बोलतोय. उजवाही इथंच शेजारी आहे, पण तो पहिल्यापासून मुखदुर्बळ. म्हणून दोघांचं मलाच सांगावं लागतं. सध्या आमचा मुक्काम अमेरिकेत, ओहायोमधल्या डब्लिन गावी, एका गॅरेजमध्ये आहे.

माझा जन्म इंग्लंडमधला. रंगानं हिरवा, गुडघ्यापर्यंत उंच. एका लहान गावातल्या दुकानात गुरांचा खुराक आणि कुंपणाच्या तारा यांच्यामध्ये मी लटकत होतो. तिथं एक दिवस अपर्णाबाई मेश्राम आल्या. मूळच्या नागपूरच्या, इंग्लंडात नर्स म्हणून आलेल्या, आणि आता चक्क खासदारकीला उभ्या! साडी जरा वर धरून त्यांनी मला पायात चढवलं. दुकानदार हसला. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू?

त्या निवडणुकीत बाई पडल्या. पण गप्प बसतील तर बाई कसल्या! घरोघर शेतकऱ्यांकडे फिरल्या. प्रत्येक दाराशी मला काढून ठेवायच्या आणि मोज्यांनिशी आत जायच्या. त्यांना ही नागपूरची सवय. घरच्या बायकांना मात्र वाटायचं, आपल्या पुसलेल्या फरशीची कदर करणारी ही पहिलीच पुढारी. पुढच्या खेपेला बाई निवडून आल्या आणि काही वर्षांनी पर्यावरण व ग्रामीण खात्याच्या मंत्री झाल्या.

मग मी काय काय तुडवलं! गोठ्यातलं शेण, फुटलेले बांध, पुरानंतरचा चिखल. इतर पुढाऱ्यांचे बूट फोटोपुरते यायचे, लेबलासकट. एका वर्षी पुराचं पाणी पसरायला बाईंनी नदीकाठची कुरणं मोकळी ठेवली. खालचं शहर वाचलं, पण कुरणवाले चिडले आणि पुढच्या निवडणुकीत त्यांनी बाईंना घरी बसवलं. तरी बाई म्हणायच्या, निर्णय बरोबरच होता. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

या सगळ्याची झळ लागली ती त्यांच्या लेकीला, जागृतीला. खासदारानं दर शनिवारी मतदारांची गाऱ्हाणी ऐकायला बसायचं आणि त्यासाठी मंत्र्यांना पत्रं लिहायची, अशी तिकडची रीत. जागृतीची पोहण्याची स्पर्धा शनिवारी, शाळेचं नाटक शनिवारी. तिला वडील घेऊन जायचे. आम्ही निघालो की ती खिडकीत उभी दिसायची. हात हलवणं तिनं पुढं पुढं सोडून दिलं.

मोठी होऊन ती इथं नोकरीला आली. वडील वारले, तेव्हा दोन महिन्यांसाठी तिनं आईला बोलावून घेतलं. बाईंनी मलाही बॅगेत कोंबलं.

"आई, सीरियसली? बूट्स?" जागृती म्हणाली. त्यानंतर मायलेकी एकमेकींशी अगदी जपून बोलायच्या. ऑफिसातून आल्यावर जागृती गाडी बंद करून गॅरेजमध्येच बसून राहायची. एकदा मैत्रिणीला फोनवर म्हणाली, "तिला थांब म्हणायचंय यार, पण तोंडातून निघतच नाही." दोन महिने संपत आले होते, बाई मंगळवारी परत जाणार होत्या.

बाईंची सवय मात्र सुटली नव्हती. शनिवारी गॅरेजचं दार उघडून, दोन घडीच्या खुर्च्या मांडून त्या बसायच्या. लोकांना वाटलं, जुन्या सामानाची विक्री आहे. एकानं तर माझीच किंमत विचारली! मग हळूहळू शेजारी आपली गाऱ्हाणी घेऊन येऊ लागले.

गेल्या शनिवारी शेजारचा सौमित्र आला. घरांमागचा ओढा पाइपात घालून बुजवायचा वसाहतीच्या कमिटीचा बेत चालला होता, आणि तो त्याला नको होता. "काकू, कमिटी आत्ता ओढ्यावर येतेय. तुम्ही बघून सांगा ना, प्लीज." बाईंचे डोळे चमकले. त्यांनी झटकन मला पायात घातलं. मीही हरखलो.

तेवढ्यात जागृती घरातून आली आणि समोरच्या खुर्चीवर बसली.

"मला एक कम्प्लेंट करायचीय," ती म्हणाली. "एका मिनिस्टरनं माझे सगळे सॅटर्डे घेतले."

सौमित्र दारातच थबकला. बाई इतक्या वर्षांच्या सवयीनं बोलून गेल्या, "मी मंत्र्यांना लिहिते."

"आई, मिनिस्टर तूच होतीस."

बाई खाली वाकल्या. आधी उजव्याला काढलं, मग मला. "सौमित्र, तुम्ही व्हा पुढं. फोटो काढून ठेवा. आज मला यायला जमणार नाही." मग लेकीचा हात धरून म्हणाल्या, "त्या मंत्र्याचं चुकलं. फार चुकलं गं."

जागृती हमसून हमसून रडली. "मग मंगळवारी जाऊ नकोस ना."

बाईंनी तिकीट पुढं ढकललं आहे. ओढ्याचं अजून काही ठरलेलं नाही. माझ्या टाचेला चीर गेली आहे, त्यामुळे पाण्यात आता दुसरे बूट जातील. जाताना एकच विनवणी करतो. तुमच्या घरी कुणी लोकांच्या कामाला वाहून घेतलेलं असेल, तर त्याच्या बुटांना अधूनमधून घरी बसवा.

आतून मायलेकींचा आवाज येतोय. कांदा किती बारीक चिरायचा, यावरून चांगलं कडाक्याचं भांडण जुंपलंय. जुंपू दे. मी इथं कोरडा बसलोय, आणि माझी काहीएक तक्रार नाही.