दुसऱ्याच्या हातचा जॉब

रोह्याच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेली मृणाली म्हात्रे पेणला, रामवाडीजवळच्या इंजिनीअरिंग कॉलेजात थेट दुसऱ्या वर्षाला बसली, तेव्हा कासू गावात तिच्या आईने, पुतळीने, आळीभर पेढे वाटले. मिठागरात राबणाऱ्या घरातली पोर इंजिनीअर होणार होती. अट एकच. पहिल्या वर्षाचे ड्रॉइंग आणि वर्कशॉप हे दोन विषय दुसऱ्या वर्षासोबतच सोडवायचे.

ड्रॉइंग तिने रेटून नेलं. घोडं अडलं वर्कशॉपात.

बीएस्सी करून आलेल्या मुली दोघीच, ती आणि रोह्याची किमया. पहिल्या दिवशी मृणालीने कानस उचलली, तशी इन्स्ट्रक्टर हैबतरावांनी ती तिच्या हातातून काढून घेतली.

"तुम्ही दोघी जर्नल लिहा. आकृत्या नीट काढा. जॉब मुलं करून देतील."

"सर, पण मला शिकायचंय."

"बोट कापलं तर तुझा बाप माझ्या दारात येईल. बस तिकडे."

ती बसली, पण आतून नुसती धुमसत होती. तीन वर्षं ॲसिडच्या बाटल्या हाताळल्या, बर्नरचे चटके खाल्ले, तेव्हा कुणाला तिच्या बोटांची काळजी वाटली नव्हती! ती प्राचार्यांकडे गेली. ते हसले. "अगं, आयते मार्क मिळतायत. तक्रार कसली करतेस?"

घरी आईचं तेच. "पास करतात ना गो? मंग कशाला भांडतेस?"

"आये, मी काय तिथं शोभेला गेले हाय?"

वर्षअखेरीला बाहेरचे परीक्षक आले. वर्षभरात केलेला जॉब त्यांच्यापुढे ठेवायचा, म्हणजे लोखंडाचे दोन तुकडे कानसून एकमेकांत बसवलेले. मृणालीचा जॉब वर्गातल्या धनेशने केला होता, किमयाचा आणखी कुणी. किमया आत गेली, "हो सर, मीच केला," म्हणाली आणि सुटली.

परीक्षकांनी मृणालीचा जॉब उजेडाकडे धरला. "छान बसलाय. तू केलास?"

"नाय सर. मला कानस हातातच घेऊ दिली नाय."

हैबतराव पुढे सरसावले. "घाबरलीय ती, सर."

"मी घाबरले नाय."

परीक्षक चुळबुळले. "मग मला तुला पास करता येणार नाही."

"नका करू. पण का करता येत नाय, तेपण लिहा."

ते त्यांनी लिहिलं नाही. वर्कशॉपात ती एकटी नापास झाली. हैबतरावांना कुणी चकार शब्द विचारला नाही.

"वेडी आहेस तू," किमया म्हणाली. "खोटं बोलून कुणाचं काय वाकडं झालं असतं?"



पुढच्या सत्रात मृणाली प्रत्येक तासाला वर्कशॉपात जाऊन उभी राहू लागली. हैबतराव "बस" म्हणायचे, ती बसायची नाही. "मी नापास झालेय, सर. शिकवा." शेवटी एक दिवस त्यांनी कानस तिच्यापुढे आदळली आणि चहाला निघून गेले. ती कशी धरायची, हे धनेशने मुद्दाम येऊन दाखवलं. तळहाताला फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. तिच्या जॉबच्या सांध्यातून उजेड दिसत होता, पण तो तिने केला होता. काठावर पास झाली.

डिग्री घेऊन ती रोह्याला केमिकल कंपनीत लागली. नव्व्याण्णव साली हैबतराव निवृत्त झाले, तेव्हा कॉलेजने सत्कार ठेवला. निमंत्रण घेऊन किमयाच आली. "मुलींना वर्कशॉपात उभं केलं म्हणून सत्कार आहे. तू चार शब्द बोल ना. तूच तर उदाहरण!"

मृणालीने निमंत्रण तिच्याच हातात परत दिलं. "त्यांनी उभं केलं? मला?"

"जाऊ दे गं आता. म्हातारे झालेत."

"मी नापास झाले तेव्हा म्हातारे नव्हते."

ती गेली नाही. भाषण किमयाने केलं. टाळ्या फार पडल्या, असं धनेशने नंतर सांगितलं.